देवखारची उघाडी

मी एक जुनी उघाडी आहे. हसू नका, मित्रांनो. उघाडी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार आणि त्यात तुमचा दोषही नाही. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीला पानभर जागा असते, अरबी समुद्रालाही असते. पण त्या दोघांच्या मधे जी जन्मभर उभी राहिली, तिला एक ओळसुद्धा मिळालेली नाही. तर ऐका. खाडीच्या बांधाला पाणी जायला एक दगडी मोरी असते. त्या मोरीच्या तोंडाशी, खाडीच्या अंगाला, वरून बिजागऱ्यांवर टांगलेलं जाड लाकडी दार असतं. तीच उघाडी. मग खाडी सोडून मी इथे या तलावाच्या तोंडाशी काय करते आहे, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे. मघाशी तुमच्या बाई डबे उघडा म्हणत होत्या, तेव्हा तुमच्यातल्या कुणीतरी तलावात खडे मारले. त्यातला एक गडगडत येऊन माझ्या पायाशी अडकला आहे. त्याचं नंतर बोलू.

माझं माहेर शहापूरचं जंगल. तिथला साग म्हणजे कडक, चिवट आणि थोडा गर्विष्ठ. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी बैलगाडीतून कल्याणला आले. बंदराजवळ त्र्यंबक सुताराचा कारखाना होता. त्याने मला रंधा मारला, फळीला फळी जोडली आणि तांब्याचे खिळे ठोकले, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड फार दिवस टिकत नाही. मग त्याने मला माशाचं तेल पाजलं. काय तो वास! जंगलात वाढलेल्या मला कसंनुसं झालं. "आज नाक मुरडशील, उद्या आशीर्वाद देशील," असं म्हणत त्र्यंबक तेलाचा बोळा फिरवत राहिला. त्याचं म्हणणं खरं ठरलं.

पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, घालून मला खाडीने खाली आणलं. डाव्या हाताला ठाकुर्लीच्या वीजघराची धुरांडी गेली, मग डोंबिवलीची कौलं दिसली, समोर पारसिकचा डोंगर उभा होता. काठावर तिवरांची दाट रांग आणि तिच्यामागे एक लांबलचक मातीचा बांध. त्या बांधाआड देवखार गावाची शेती होती. मोरीचे काळे दगड मुंब्र्याच्या डोंगरातले होते, बांधाचा चिखल खाडीचा, त्यात कालवलेला पेंढा शेतातला. मला टांगलं तेव्हा गावातल्या बायकांनी माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. मी लगेच फुगले. पाण्याने नव्हे, मानाने.

आता माझं काम सांगते. माझ्या पाठीशी गोडं पाणी, माझ्या तोंडाशी खारं पाणी. उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावते, वाटेत इतर नद्या तिला मिळतात आणि कल्याणच्या पुढे ती समुद्राला भेटायला निघते. पण समुद्र असा अधीर, की तोच दिवसातून दोनदा तिला भेटायला खाडीतून वर येतो. त्याला भरती म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की ते मला ढकलून मोरीवर घट्ट बसवत असे, आणि शेत वाचत असे. ओहोटी लागली की आतलं पाणी मला ढकलून बाहेर पडत असे. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. आषाढात पाऊस खारीवर, म्हणजे बांधाआडच्या त्या शेतजमिनीवर, उभा राहायचा, जमिनीतलं मीठ विरघळवायचा आणि ओहोटीला माझ्या पोटाखालून ते घेऊन निघून जायचा. जमिनीचं असं न्हाणं झालं की तिच्यात राता नावाचं लाल भात उगवायचं. गावचे लोक म्हणायचे, रात्याची भाकरी खाल्लेला माणूस दुपारपर्यंत भूक विसरतो. तिथून ठाण्याच्या बाजूला गेलात तर हेच खारं पाणी लोक हौसेने आत घेतात, उन्हात आटवतात आणि मीठ पिकवतात. एकाचं विष ते दुसऱ्याचं पीक. भूगोल हा असा गमतीचा विषय आहे, तुम्ही उगाच त्याला घाबरता.

माझी राखण महिपतकडे होती. त्याच्या बापाकडे होती, आजाकडेही होती. काम एवढंच, की माझ्या फटीत काटकी, ओंडका, दगड काही अडकू द्यायचं नाही, आणि बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली तर बुजवायची. महिपत कामाचा पक्का होता, पण तोंडाचा फटकळ. गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी, रखमाबाईची खाचरं आणि तिचा हा तलाव होता. एका वर्षी तिच्या म्हशीने बांध तुडवला. महिपतने सगळ्या गावादेखत तिला सुनावलं आणि मातीची टोपली तिच्याच डोक्यावर देऊन तो बांध तिच्याकडून भरून घेतला. नियम नियमासारखा होता हे खरं. पण विधवा बाई एकटी टोपल्या वाहत होती आणि हा कमरेवर हात ठेवून उभा होता, ते मला आवडलं नव्हतं. त्या दिवसापासून रखमाबाई त्याच्या घरावरून जाताना मान वळवून जायची.

मग ते कोरड्या श्रावणाचं साल आलं. आषाढ चांगला बरसला आणि श्रावणात पावसाने दडी मारली. वरच्या खाचरांतलं पाणी आटत चाललं. रखमाबाई तलावाच्या मातीने लिंपलेल्या तोंडाशी रोज येऊन उभी राहायची. तिचं सगळं भात त्या तलावावर होतं. या तलावाला तेव्हा दार नव्हतं. तोंड एकदा फोडलं की पाणी हाताशी राहणार नाही, म्हणून ती बाई अगदी शेवटपर्यंत थांबायचं म्हणत होती.

अशात नारळी पौर्णिमा आली. महिपतची मुलगी शेवंती त्या वर्षी मुरबाडकडच्या डोंगरात दिली होती, आणि सणाला जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला यायचा होता. आमच्याकडे पहिल्या सणाला जावयाच्या ताटात जिताडा पडला नाही, तर सासऱ्याने गावात तोंड दाखवायचं नाही, असा रिवाज. जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा. भरतीच्या पाण्याबरोबर तो आत शिरतो. आणि महिपतच्या मनात आलं, की मला जरासं उघडं धरलं तर राजा आपणहून शेतातल्या खड्ड्यात येईल.

सकाळी तो एक घडीव काळा दगड घेऊन मोरीत उतरला. मागून त्याची बायको कलावती धावत आली.

"काय करतंस? आधी नारल, मंग जिताडा. खाडीला नारल दिल्याबिगर तिच्याकडून घेवाचा नाय!"

"अगो, घटकाभराचा काम," महिपत म्हणाला. "एक मासा आत आला का दगड काढला. जावई डोंगरातला. त्याला खाडी काय असते ती दाखवाला नको?"

"आज पुनव हाय. उधानाचा पानी चढंल."

"तू मना भरती शिकवतंस? माझा जनम या बांधावं गेला."

कलावती घराकडे वळली, आणि मित्रांनो, तिथेच घात झाला. ज्याला सगळं येतं त्याचीच चूक मोठी होते. महिपतने मला बाहेर ओढलं आणि दगड माझ्या खालच्या फटीत ठोकून बसवला. कुणी तुमच्या तोंडात बळेच काही कोंबलं तर कसं वाटेल? मला तसं वाटलं. एक जिताडा खरोखरच आला. माझ्या पोटाखालून चांदीची पाठ चमकवत तो आत गेला. महिपतने जाळं टाकून त्याला धरला आणि आनंदाने ओरडला. तेवढ्यात गावातून कुणीतरी हाक मारली, "महिपतकाका, जावई आला! सकालच्याच गाडीने आला!" आणि हा मासा खांद्यावर टाकून घराकडे पळाला. दगड तसाच राहिला.

जावयाचं नाव रघु. त्याने येताना करटोली आणली होती, मधाची बाटली आणली होती, नाचणीचं पोतं पाठीवर आणलं होतं. कौतुक चाललं, चहा झाला, विहिणीचे निरोप सांगून झाले. इकडे पौर्णिमेचं उधाण चढत होतं. पाण्याने मला दाबलं, आणि मी जितकी दाबली गेले तितका दगड घट्ट बसला. महिपतला आठवण झाली तेव्हा फार उशीर झाला होता. तो आला, छातीभर पाण्यात उतरला, दगडाला दोन्ही हातांनी हिसके दिले, पहार घातली. त्याच्या बोटांतून रक्त आलं. मी त्याला मनातल्या मनात ओरडून सांगत होते, की बाबा, आता ओहोटीशिवाय हा दगड हलणार नाही. माझ्या पोटाखालून खारं पाणी घोंघावत आत जात होतं. गुडघ्याएवढं हिरवं भात बघताबघता बुडालं.

गावातले सगळे पुरुष नारळ घेऊन बांधावर आले होते. ते नारळ हातात धरून उभेच राहिले. वर्षाचं भात त्यांच्या डोळ्यांदेखत मिठात चाललं होतं. "राखण काढून घ्या याची!" असं एकजण बोलला, आणि कुणीच त्याला नाही म्हटलं नाही. महिपत चिखलात बसला होता. मी त्याला कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला होता, आणि आता त्याची कीवही आली.

दुपार कलली, ओहोटी लागली. दगड सैल झाला तसा कलावतीने तो ओढून काढला आणि बांधावर टाकला. खारं पाणी उतरून गेलं, पण चिखलात आणि भाताच्या मुळांशी मीठ राहिलं. ते धुतलं गेलं नाही तर दोन दिवसांत भात करपणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. आकाशाकडे पाहावं तर ढगाचा ठिपका नव्हता. गोडं पाणी होतं ते फक्त वर, रखमाबाईच्या तलावात.

रखमाबाई आपल्या शेवटच्या खाचराच्या बांधावर उभी राहून सगळं बघत होती. ते खाचर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. कलावती तिच्याकडे गेली आणि तिने पदर पसरला.

"आक्का, तुझा पानी सोड. खार मरते."

"आनि माझा भात? पाऊस नाय आला तं मी काय खाऊ?" रखमाबाईचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. "माझी म्हस बांधावरशी गेली तवा टोपली कोनाच्या डोक्यावं दिली होती? तुझ्या नवऱ्याला पाठव. बायकोच्या पदराआड लपून पानी मिलत नाय."

कलावती परत आली. काय झालं ते तिने सांगितलं. सगळे महिपतकडे बघू लागले. जावयासमोर, गावासमोर, त्या बाईकडे जायचं, या विचाराने त्याचा चेहरा काळवंडला. मी म्हटलं, हा जात नाही. हा मरेल पण जाणार नाही.

पण महिपत उठला. बांधाच्या कडेला पडलेली टोपली त्याने उचलली, खाडीच्या चिखलाने ती काठोकाठ भरली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली. ती घेऊन तो वर चालू लागला. चिखलाचं पाणी त्याच्या तोंडावरून ओघळत होतं. रखमाबाईच्या समोर जाऊन तो उभा राहिला.

"वयनी," तो म्हणाला, "तुला दिली ती टोपली मी आनली. तुझ्या तलावाचा तोंड मीच बुजवीन, लागंल तेवढ्या टोपल्या वाहीन. पन आज पानी दे. माझ्यासाठी नको, खारीसाठी दे."

रखमाबाईने पदराने डोळे पुसले.

"टोपली खाली ठेव," ती म्हणाली. "ती वाट बगंल, पानी वाट बगत नाय. खार गेली तं उद्या खाडी माझ्या उंबऱ्यात येल, ते मना कलत नाय काय?"

गावकरी कुदळी घेऊन तलावाकडे धावले, तसा रघु मधे आडवा झाला. डोंगरातला तो पोरगा उताराचं पाणी ओळखून होता.

"मामा, समदं तोंड एकदम फोडू नका! उताराचं पाणी एकदा चेवलं की माती घेऊन जातं. आमच्याकडं असंच खाचर वाहून जातं."

त्याने पेंढ्याचे जाड भारे बांधून घेतले. तलावाचं तोंड हातभरच कापलं आणि दोन्ही कडांना ते भारे दगडांनी दाबून बसवले. मग खाचराखालचं खाचर, एकेका बांधाला लहानशी वाट करत त्याने पाणी खाली उतरवलं. पाणी पायरीपायरीने, सालस पोरीसारखं, खारीत आलं. बायका वाकून भाताची रोपं त्यात हलवून धुऊ लागल्या. शेवंतीही नवं लुगडं खोचून उतरली होती. दिवेलागणीला ओहोटी पुरती झाली आणि ते पाणी मीठ घेऊन माझ्यापाशी आलं. मी पूर्ण ताकदीने उघडले. त्या संध्याकाळी सह्याद्रीचा पाऊस आणि रखमाबाईचं मन दोन्ही माझ्या पोटाखालून वाहत होतं, असं मला वाटलं. रात्रीच्या भरतीला मी मोरीवर अशी घट्ट बसले की एक थेंब आत येऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तलाव निम्म्याहून खाली गेला, मग महिपतने टोपल्या वाहून तोंड बुजवलं. रघु आणि रखमाबाई त्याला माती भरून देत होते.

तो जिताडा त्या गडबडीत कलावतीने रांधलाच. पण त्याचं डोकं, म्हणजे सगळ्यात मानाचा तुकडा, तिने जावयाच्या ताटात न वाढता रखमाबाईकडे पाठवला. रघुला वाईट वाटलं नाही. तो म्हणाला म्हणे, की डोंगरात मासे मिळत नाहीत, त्यामुळे त्याला डोकं कसं खातात तेच माहीत नव्हतं.

पुढे पाऊस आला. रखमाबाईला वाट बघावी लागली, तिचं एक खाचर पिवळं पडलं, पण बाकीचं तगलं. खारीतलं भात बांधाजवळच्या पट्ट्यात गेलं आणि उरलेलं दिवाळीआधी लाल लोंब्यांनी वाकलं. कापणी झाली तेव्हा देवखारच्या प्रत्येक घराने भाताचा एकेक भारा नेऊन रखमाबाईच्या खळ्यात टाकला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. राखण महिपतकडेच राहिली, कारण रखमाबाईच बोलली, "ज्याला एकदा चटका बसला, तो चूल नीट राखतो."

आणि तो दगड? कलावतीने तो फेकू दिला नाही. बांधाच्या माथ्यावर, माझ्या अगदी वर, तिने तो चिखलात बसवला. तेव्हापासून नारळी पौर्णिमेचा नारळ आधी त्या दगडावर फुटतो आणि मग खाडीत जातो. नारळ महिपत फोडतो. लहान मुलं विचारतात, काका, याच दगडावर का? तेव्हा तो मान खाली न घालता सगळी हकिकत स्वतःच सांगतो.

वर्षं गेली. खाऱ्या पाण्यातल्या किड्यांनी मला खालून पोखरलं. सरकारचे खारभूमीचे लोक येऊन पक्का बांध घालून गेले, आणि मोरीला नवं, जाड, रंग दिलेलं दार बसलं. ते दार चांगलं आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. मला मात्र काढून तिवरांच्या कडेला टाकलं. ऊन लागून मला चिरा पडल्या. माझ्यावर बगळे बसायचे. फाल्गुन आला आणि पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत माझ्यापाशी आली. "जुना साग, मस्त पेटेल!" असं एकजण म्हणाला. मी शहापूरचं जंगल डोळ्यांपुढे आणलं.

तेवढ्यात टेकडीकडून काठी टेकत रखमाबाई आली. खूप म्हातारी झाली होती.

"हात लावू नका तिला," ती ओरडली. "माझ्या तलावाला दार नाय!"

महिपतनेच मला बैलगाडीत घालून वर आणलं. सडलेला भाग करवतीने कापला, माझी उंची निम्मी झाली, पण छाती अजून रुंद आहे. त्या दिवसापासून मी इथे आहे. जन्मभर खाऱ्या पाण्याला अडवलं, आता गोडं पाणी सांभाळते आणि लागेल तसं खाली पाठवते. म्हातारपण असं गोड जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. श्रावणात पावसाने ओढ दिली की महिपत वर येतो. रखमाबाई ओसरीवरून म्हणते, "उघड." तो मला उचलतो, आणि या पाण्यातला खारीचा वाटा खाली जातो. मग मला खाली सोडण्याआधी तो पाण्यात हात घालतो आणि माझ्या पायाखालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटं फिरवतो. तिथे बहुतेक वेळा काहीच नसतं. तरी तो फिरवतोच. त्याची ती जाड, म्हातारी बोटं लागली की मला बरं वाटतं.

तर मित्रांनो, आता त्या खड्याचं. तुम्ही काही मुद्दाम टाकला नाहीत, खेळता खेळता पडला, हे मला ठाऊक आहे. महिपतनेही मुद्दाम गाव बुडवलं नव्हतं. पण माझ्या डाव्या पायाशी पाणी बारीक धारेने पाझरतं आहे, आणि पौषात या तलावातला एकेक थेंब मोलाचा असतो. तुमचे हात लहान आहेत, फटीत सहज जातील. डबे बांधा, बाईंना सांगा, आणि निघण्याआधी तेवढा खडा काढून जा. महिपत आता सत्तरीचा आहे, त्याला थंड पाण्यात वाकायला लावू नका.